मनोरीसमोरचं लोखंडी घर

ते घर पाण्यात उतरवलं त्याच दिवशी माझ्या भावाने एका माणसाचा हात मोडला.

मार्वेच्या धक्क्यावरून एका भाड्याच्या लाँचने आम्हाला ओढत खाडीबाहेर आणलं होतं. मनोरीचा किनारा दिसेल, पण तिथली हाक ऐकू येणार नाही अशा जागी नांगर टाकले. लाँच परत फिरली आणि थोड्या वेळातच मनोरीच्या होड्या आल्या. त्या पट्ट्यात त्यांची डोल जाळी लागायची. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखं जाळं सोडून द्यायचं. कुठला खुंट कोणाच्या घराचा, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं, आणि आमच्या नांगराची साखळी नेमकी त्या खुंटांवर पडली होती. पुढच्या होडीत त्यांचा तांडेल उभा होता. होडी ज्याच्या हुकमात चालते तो तांडेल. पन्नाशीचा, उघड्या अंगाचा, कमरेला रुमाल. त्याने शिवी दिली नाही. वर येऊन बोलतो म्हणाला आणि चढण्यासाठी आमच्या कठड्याला हात घातला. दादाच्या हातात मोठा पाना होता. त्याने तो त्या हातावर घातला.

ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. तांडेल ओरडला नाही. मोडलेला हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून तो होडीत खाली बसला. मग बाकीचे ओरडू लागले. वल्ही आमच्या पत्र्यावर आपटू लागली, जाळ्याला बांधायचा एक दगड सरांच्या कपाळाला लागला आणि रक्त त्यांच्या चष्म्याच्या काचेवर उतरलं. दादा पाना फिरवत कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि "या रे, या वर" म्हणत होता. तो हसत होता. सरांनी परवानगीचा कागद उंच धरला, पोलिसांचं नाव घेतलं, पण होड्या वळल्या त्या कागदामुळे नाही. तांडेलाला दवाखान्यात न्यायला हवं होतं म्हणून वळल्या.

सर म्हणजे आमचे मालक. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं टाक्या बनवायचं वर्कशॉप होतं आणि मी तिथे ड्रॉइंग काढायचे. त्याआधी सरांनी पुष्कळ वर्षं जहाजं बांधण्याच्या गोदीत काढली होती. बायको गेलेली, मूलबाळ नाही, बोरिवलीला एकटे राहायचे. आपला माणूस अवकाशात जाऊन आला त्या वर्षी वर्कशॉपात पेढे वाटले. सर पेढा हातात धरून म्हणाले की जाऊन येणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं. रॉकेट कोणीतरी बनवेलच. पण बंद डब्यात जगायचं कसं, हे कोण शिकवणार? दार उघडलं की मरण, पाणी आपणच तयार करायचं, खाणं आपणच उगवायचं आणि रोज तीच तोंडं बघायची. हे सगळं शिकायला समुद्रासारखी जवळची जागा नाही. आधी एक घर, मग साखळीने जोडलेली दहा घरं, मग शाळा-दवाखान्यासकट अख्खं गाव. त्या गावात जन्मलेलं मूल उद्या अवकाशात जायला घाबरणार नाही, कारण पायाखाली जमीन नसणं ही त्याला सवयीची गोष्ट असेल. सर हे मोठ्याने बोलायचे नाहीत. समोरच्याला आधीच पटलेलं आहे अशा सुरात बोलायचे. मला तर पहिल्याच दिवशी पटलं. मी पंचविशीची होते, लग्नाची बोलणी दोनदा फिसकटली होती आणि कोणीतरी मला पहिल्यांदाच एवढी मोठी गोष्ट नीट समजावून सांगत होतं.

घाटकोपरला डोंगरउतारावरच्या चाळीत आमचं बिऱ्हाड होतं. मी घरी हे सांगितलं तेव्हा बाबा खूप हसले. "डब्यात ऱ्हवाक शिकाचा आसा तर तुझ्या सरांक सांग, आमच्या खोलयेत येवा," म्हणाले. मग मी खरंच जाणार आहे हे कळल्यावर हसणं थांबलं. शेवटी दादा बरोबर असेल तरच जा, असं ठरलं.

दादा गिरणीत फिटर होता. गिरण्यांचा संप लांबत गेला तसा तो बदलत गेला. एकदा आमच्याच चाळीतला एक माणूस गुपचूप कामावर जाऊ लागला, तर दादाने त्याला गिरणीच्या फाटकाशी गाठून इतकं मारलं की त्याचे पुढचे दात गेले. त्या माणसाच्या बायकोने त्याचा रक्ताने भरलेला शर्ट आणून आमच्या उंबऱ्यावर टाकला. आईने तो उचलला, धुतला, वाळवला आणि परत नेऊन दिला. पुढे पोलिसांच्या लाठ्यांनी दादाची पाठही फुटली. संप मिटला नाही, विरून गेला, आणि दादा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघत राहायचा. मीच सरांना सांगून त्याला वेल्डिंगवर लावलं होतं. हात फार चांगला होता त्याचा. त्या लोखंडी घराचा एकूण एक सांधा त्याने जोडला होता.

चौथा होता मुलुंडचा एक तरुण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, म्हणून वर्कशॉपात सगळे त्याला एमेस्सीच म्हणायचे. बारीक अंगाचा, सतत काहीतरी गुणगुणणारा. टपात शेवाळ वाढवणं आणि काचेच्या उतरत्या झाकणांखाली उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी गोळा करणं, ही दोन कामं त्याची.

दिवाळीनंतर समुद्र निवळला तेव्हा आम्ही गेलो. होळीपर्यंत राहायचं ठरलं होतं. घर म्हणजे टाक्यांवर तरंगणारा चौकोनी चौथरा आणि त्यावर पत्र्याची बुटकी खोली. माझ्यासाठी एका कोपऱ्याला पडदा. खोलीला छतात एकच दार, वर ढकलून उघडायचं. सरांचा नियम असा की बाहेर हवा नाही असं समजायचं. बाहेर जायचं असेल तर त्यांना विचारायचं, कमरेला दोर बांधायचा, बाहेर पडल्या पडल्या दार लावायचं. पहिले काही दिवस आम्हाला याची गंमत वाटली. एमेस्सी दोर बांधून वर जाताना सलाम ठोकायचा.

मग वास सुरू झाला. शेवाळाच्या टपांचा, घामाचा, डिझेलचा, आणि बंद पत्र्याचा स्वतःचा एक वास असतो तो. एका सकाळी एमेस्सीला मळमळलं आणि न विचारता, दोर न बांधता, त्याने दार उघडून डोकं बाहेर काढलं. तो ओकून खाली आला तर सर समोर उभे. त्यांनी त्याच्या कानशिलात मारली. लगेच दुसरी मारली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"बाहेर पोकळी आहे," सर म्हणाले. "तू आत्ता आम्हा तिघांना मारलंस."

एमेस्सी माझ्याकडे बघू लागला. मी खाली बघितलं. दादा म्हणाला की बरोबर केलंत सर, लाड केले की माणूस डोक्यावर बसतो.

आम्हाला भाजी आणि लागेल तसं पाणी आणून द्यायला मार्वेचा एक होडीवाला ठरवला होता. तांडेलाचा हात मोडल्यावर मनोरीकरांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो आलाच नाही. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मनोरीच्या होड्याच परत आल्या. या वेळी बोलायला कोणी हात पुढे केला नाही. त्यांनी आमच्याभोवती फेर धरला आणि दगड मारायला सुरुवात केली. नेम माणसांवर नव्हता. एकेक करून त्यांनी गोडं पाणी गोळा करायची काचेची झाकणं फोडली. एकाने आमच्या छोट्या होडक्याचा दोर कोयत्याने तोडला आणि होडकं ओढत नेलं. आम्ही खोलीत दार लावून बसलो होतो. डोक्यावर पत्रा वाजत होता. एमेस्सीने दोन्ही कान दाबून धरले होते.

दादा उठला. कापसाचा बोळा डिझेलमध्ये बुडवला, तारेला गुंडाळला, पेटवला आणि सरांना न विचारता वर गेला. मी त्याच्या मागे अर्धी वर आले होते म्हणून मला दिसलं. बोळा जवळच्या होडीत नायलॉनच्या जाळ्याच्या ढिगावर पडला. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं. वितळलेलं जाळं एका तरुणाच्या पोटरीला चिकटलं आणि त्याने पाण्यात उडी मारली. पाण्यात तो ज्या आवाजात ओरडत होता तो मी त्याआधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसऱ्यांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. दादा दोर न बांधता उभा होता, आणि त्याला सरांनी मारलं नाही.

त्यानंतर कोणीच आलं नाही. होड्या लांबून जायच्या, आमच्याकडे मान वळवायच्या नाहीत. झाकणं फुटल्यामुळे गोडं पाणी होणं थांबलं होतं. टाकीत होतं तेवढंच. टाकीच्या तोटीला सरांनी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. सकाळी आणि संध्याकाळी ते पेल्यात मोजून पाणी द्यायचे. ओठ फाटले, जीभ टाळ्याला चिकटू लागली. डाळ समुद्राच्या पाण्यात शिजवायची म्हणून ती खाल्ली की तहान आणखी लागायची. सर मात्र खुशीत होते. खरी परीक्षा आत्ता सुरू झाली म्हणायचे. आतापर्यंत आपण सहलीला आलो होतो.

एमेस्सी म्हणाला की आपण खूण करू या, किनारा समोर दिसतोय.

"कोणाला खूण करणार?" सरांनी शांतपणे विचारलं. "तिथे वर किनारा असणार आहे का?"

दादा म्हणाला की कोळ्यांपुढे जो हात जोडेल त्याला मी पाण्यात फेकेन. तेव्हा मला कळलं की हे दोघं वेगवेगळ्या कारणांनी एकच गोष्ट बोलत आहेत. सरांना दार बंद हवं होतं, आणि दादाला शरण जायचं नव्हतं. तो एकदा शरण गेला होता, गिरणी बंद पडली तेव्हा. पुन्हा नाही. माझ्या आणि एमेस्सीच्या पाण्याचं काय, हा प्रश्न दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर एमेस्सीने पांघरायची पांढरी चादर घेतली आणि झटकन दार ढकलून वर गेला. दादा त्याच्या मागे. मी वर पोचले तोवर दादाने त्याचा पाय धरून त्याला छतावरून खाली चौथऱ्यावर ओढलं होतं. आधी लाथा मारल्या. मग केस धरले आणि त्याचं डोकं लोखंडावर आपटू लागला. एमेस्सी सुरुवातीला नाही नाही म्हणत होता, मग त्याचा आवाज बंद झाला. डाव्या कानातून रक्त आलं आणि चादरीवर पसरलं. मी दादाच्या पाठीला लोंबकळले. त्याने कोपराने मला उडवलं, माझी खालची दाढ हलली. मी सरांना हाक मारली. सर दारातून छातीपर्यंत वर आले होते आणि बघत होते.

"आधी दार लावा," ते म्हणाले, आणि खाली जाऊन त्यांनी आतून दार लावून घेतलं.

नांगराची साखळी गुंडाळायच्या रहाटाला लोखंडी दांडा होता. मी तो काढला. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि दादाच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये घातला. त्याचे हात सुटले. तो एका गुडघ्यावर आला आणि त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. कोणी मारलं ते त्याला कळत नव्हतं असं वाटलं. मग कळलं. तो उठू लागला. डोळे अजून तसेच होते, म्हणून मी पुन्हा त्याच जागी मारलं. हाड तुटलेलं माझ्या तळहाताला जाणवलं. तो कुशीवर पडला आणि आई गं म्हणून लहान मुलासारखा रडायला लागला.

मी एमेस्सीच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. मग तीच रक्ताची चादर घेऊन छतावर चढले आणि हलवत राहिले. खाली दादा शिव्या देत होता, थोड्या वेळाने पाणी मागू लागला. मी छतातल्या दारावर लाथा मारून सरांकडे पाणी मागितलं. दार उघडलं नाही. होड्या दूर दिसत होत्या आणि जवळ येत नव्हत्या. माझे हात उतरले की मी बसायचे, परत उठायचे. दुपार कलली तेव्हा त्यातली एक होडी आमच्याकडे वळली.

होडीत तांडेल होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात फडक्याची झोळी. बरोबर दोन माणसं आणि त्याची बायको. मला वाटलं आता हे आम्हाला मारतील, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याची भीती वाटली नाही. तांडेल एका हाताने कठडा धरून वर चढला. त्याने एमेस्सीकडे बघितलं, माझ्या हातातल्या दांड्याकडे बघितलं, मग दादाजवळ गेला आणि त्याच्या बरगडीत एक लाथ घातली. मोजून एक, पण पूर्ण ताकदीने. दादाच्या तोंडून हवा निघाल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर तांडेलाने आपल्या माणसांना खूण केली, आणि त्यांनी दादाला अंगाखाली फळी घालून, खांदा हलणार नाही अशा बेताने होडीत उतरवलं.

मी म्हटलं, तुम्ही आलात.

"तुमी हितं मेलात त वास आमच्याच दर्यात येनार," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. मी गटागटा प्यायले आणि ओकले. तिने तांब्या परत भरून दिला आणि हळू पी म्हणाली. ज्याच्या पोटरीला जाळं चिकटलं होतं तो तिच्या बहिणीचा मुलगा होता, हे तिने मला होडीत सांगितलं. तो चालेल की नाही अजून कळत नाही, म्हणाली. आवाज चढवला नाही. दादाचं डोकं हलू नये म्हणून तिने ते आपल्या पायाला टेकवून ठेवलं होतं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

सर आलेच नाहीत. आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. दार आतून बोल्टने बंद होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरीची माणसं पहारी आणि कुऱ्हाडी घेऊन गेली. मीही गेले, सर माझं ऐकतील म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. माणसांनी पत्रा फाडून दार उचकटलं, तेव्हा साठीचे सर आतल्या भिंतीला पाठ लावून बसले होते. पहिला माणूस उतरताच ते त्याच्यावर धावून गेले, त्याच्या मनगटाला इतक्या जोरात चावले की मांस वर आलं. मग त्या लोकांनी सरांना मारलं. गेल्या महिनाभराचं सगळं त्यांनी सरांवर काढलं. मी मध्ये पडले तेव्हा मला कोणीतरी बाजूला उचलून ठेवलं. जाळ्याच्या दोराने हात बांधून त्यांना वर काढलं तर उजेडात त्यांनी डोळे मिटून घेतले आणि श्वास रोखून धरला. छाती हलेना. मी त्यांच्या गालावर चापट्या मारत सांगत होते की सर, हवा आहे, घ्या. चेहरा काळानिळा होईपर्यंत त्यांनी घेतली नाही.

ते घर गावकऱ्यांनी ओढून वाळूवर आणलं आणि घणांनी फोडलं. पुरुष दमले की बायका घण घ्यायच्या. सर दोर सोडलेल्या हातांनी माझ्या शेजारी बसून बघत होते. एक डोळा पूर्ण सुजला होता. पत्रे वाकत होते, फाटत होते, पण कोपऱ्यांचे सांधे काही केल्या सुटत नव्हते.

"तुझ्या भावाचं वेल्डिंग बघ," सर म्हणाले. अभिमानाने म्हणाले.

पोलिसांत कोणीच गेलं नाही. आमच्याकडून जायचं तर दादाचा पाना आणि पेटता बोळा सांगावा लागला असता, आणि गावाकडून जायचं तर फोडलेली झाकणं आणि सरांना केलेली मारहाण. सरांनी वर्कशॉप विकून गावाचं नुकसान भरून दिलं. त्या तरुणाचा पाय वाचला, पण तो पुढे होडीवर गेला नाही, किनाऱ्यावर जाळी विणत बसायचा. एमेस्सीला डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. घरी त्याने पाय घसरून पडलो असं सांगितलं. वर्कशॉप बंद व्हायच्या आधी तो आपली पुस्तकं न्यायला आला होता, माझ्या डाव्या हाताला बसला, म्हणजे उजवा कान माझ्याकडे येईल असा. तू मारलंस म्हणून मी आहे, असं काही तो बोलला नाही. चहा प्यायला, आता कुठे नोकरी बघतेस म्हणून विचारलं आणि गेला. गुणगुणणं थांबलं होतं.

सरांकडे मी बोरिवलीला अधूनमधून जायचे. त्यांनी नव्या घराचा पुठ्ठ्याचा नमुना करायला घेतला होता. यात चाळीस माणसं राहतील, म्हणाले. चौघांत कोणाचीही बाजू घेतली की भांडण होतं, चाळिसांत माणूस दुसऱ्या खोलीत निघून जाऊ शकतो. मी विचारलं की सर, त्या दिवशी तुम्ही दार का लावून घेतलंत? पुठ्ठ्याची कड घासत ते म्हणाले, दार उघडं राहिलं असतं तर सगळेच गेलो असतो. पुढे दोन-तीन वर्षांत ते झोपेत गेले. स्मशानात मोजकी माणसं होतो.

दादाचं हाड जुळलं ते वाकडंच जुळलं. बरा झाल्यावर त्याला समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर वेल्डिंगचं काम मिळालं. म्हणजे लोखंडी चौथरा, चारी बाजूंना पाणी, तीच माणसं. आई रडली, पण तो गेला आणि टिकला. दोन आठवडे तिथे, दोन आठवडे घरी. एकदा तो सुट्टीवर आलेला असताना मी धीर करून विचारलं की तिथे मारामाऱ्या होत नाहीत का.

"होतात ना," तो म्हणाला. "पण ज्याचं डोकं फिरतं त्याला पुढच्या हेलिकॉप्टरने घरी सोडतात."

बाकी त्या दिवसांबद्दल आम्ही बोललो नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तिला तो कधी बोटही लावायचा नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. घरी असला आणि वरच्या फळीवरचं काही हवं असलं की तो मला हाक मारायचा, आणि मी काढून द्यायचे.